गोदामं किती आणि कुठे: गणिती मॉडेल कसं मांडायचं आणि ते कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा: कारखाना चाकणला, माल साबण-पावडरच्या जातीचा, डीलर राज्यभर. सध्या चाकण, भिवंडी, वाळूज आणि नागपूर अशी चार गोदामं. सल्लागाराने नकाशावर ‘गुरुत्वमध्य’ काढून एक बिंदू दाखवला आहे. विक्रीवाले म्हणतात भिवंडी हवीच, हिशेबवाले म्हणतात दोन तरी बंद करा. हे गणिताने ठरवता येतं का, एक्सेलमध्ये जमेल का आणि आलेल्या उत्तरावर भरवसा किती ठेवायचा?

ठरवता येतं, एक्सेलमध्येही जमतं. भरवशाचं म्हणाल तर तो सॉल्व्हरवर, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, फारसा अवलंबून नसतो. भाड्याचे दर तुम्ही त्याच्यासमोर कसे मांडलेत, त्यावर असतो.

आधी तो गुरुत्वमध्य बाजूला ठेवा. अक्षांश-रेखांशांची मागणीनुसार सरासरी काढली की जो बिंदू मिळतो, तो अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करतो. ट्रकवाला पैसे घेतो किलोमीटरचे, किलोमीटरच्या वर्गाचे नाही. त्यात ही पद्धत सरळ रेषेत मोजते. मुंबई ते अलिबाग समुद्रावरून सुमारे 30 किलोमीटर, रस्त्याने जवळपास 100. सह्याद्रीच्या दोन बाजूंच्या गावांचंही तेच. आणि एवढं करून बिंदू पडतो उसाच्या फडात, जिथे ना गोदाम आहे ना वीज. त्यामुळे कामाची पद्धत उलटी आहे: जिथे खरोखर गोदाम भाड्याने मिळू शकतं अशा जागांची यादी आधी करायची आणि त्यांतून कोणत्या घ्यायच्या हे गणितावर सोडायचं.

मांडणी शाळेतल्या बीजगणिताइतकी साधी आहे. प्रत्येक जागेसाठी एक ‘य’: गोदाम ठेवलं तर 1, नाही तर 0. प्रत्येक गोदाम-विभाग जोडीसाठी एक ‘क्ष’: त्या विभागाच्या मागणीचा किती हिस्सा त्या गोदामातून जातो, 0 ते 1. कमीत कमी करायचा आहे तो एकूण खर्च, म्हणजे उघड्या गोदामांचा स्थिर खर्च, कारखान्यापासून गोदामापर्यंतचं भाडं आणि गोदामापासून विभागापर्यंतचं भाडं यांची बेरीज. अटी तीन: प्रत्येक विभागाच्या ‘क्ष’ची बेरीज 1, बंद गोदामातून माल जाऊ नये, म्हणजे प्रत्येक ‘क्ष’ त्या गोदामाच्या ‘य’पेक्षा मोठा नको, आणि गोदामाची क्षमता ओलांडायची नाही.

आता तुमच्यासारखंच एक छोटं उदाहरण आकड्यांसह घेऊ. अंतरं ढोबळ आहेत, दर आणि खर्च उदाहरणापुरते धरलेले आहेत. तुमचे आकडे घालून हेच पुन्हा चालवा. कारखान्याहून गोदामाकडे भरलेला मोठा ट्रक, दर 3 रुपये प्रति टन-किलोमीटर. गोदामातून डीलरकडे छोटी गाडी, दर 8 रुपये. चाकणचं गोदाम कारखान्याच्या आवारातच, म्हणून त्याचं पहिलं भाडं शून्य.

| गोदाम | स्थिर खर्च, महिना | कारखान्यापासून किमी | मुंबई-ठाणे 400 टन | पुणे 250 टन | नाशिक 120 टन | विदर्भ 180 टन | कोल्हापूर-सांगली 150 टन | मराठवाडा 130 टन |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| चाकण | 5,00,000 | 0 | 150 | 35 | 180 | 700 | 265 | 250 |
| भिवंडी | 6,00,000 | 140 | 40 | 160 | 135 | 720 | 390 | 310 |
| वाळूज | 3,00,000 | 210 | 340 | 225 | 180 | 500 | 450 | 90 |
| नागपूर | 3,50,000 | 700 | 760 | 710 | 620 | 60 | 900 | 450 |

मुंबईचा एक टन चाकणहून थेट गेला तर 150 गुणिले 8, म्हणजे 1,200 रुपये. भिवंडीमार्गे गेला तर 140 गुणिले 3 अधिक 40 गुणिले 8, म्हणजे 740. टनामागे 460 वाचतात आणि 400 टनांवर महिन्याला 1,84,000. भिवंडीचा स्थिर खर्च मात्र 6,00,000. मॉडेल भिवंडी बंद करतं. वाळूजमुळे मराठवाड्याच्या टनामागे 650 रुपये वाचतात, एकूण 84,500, खर्च 3,00,000. वाळूजही बंद. नागपूरचं उलट आहे. विदर्भाचा टन चाकणहून 5,600 रुपयांना पडतो, नागपूरमार्गे 2,580 ला. 180 टनांवर 5,43,600 वाचतात, खर्च 3,50,000. नागपूर राहतं.

चारही गोदामं चालू ठेवली तर महिन्याचा खर्च 32,46,700 रुपये. फक्त चाकण आणि नागपूर ठेवली तर 26,15,200. फरक 6,31,500.

हे उत्तर बैठकीत ठेवलं की पहिला आवाज येतो, ‘भिवंडीशिवाय मुंबई कशी चालेल?’ आक्षेप चुकीचा नाही. शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळीच प्रवेश मिळतो, दुकानदाराला सकाळी दिलेल्या ऑर्डरचा माल दुपारी हवा असतो आणि चाकणहून निघालेली गाडी घाटात अडकली की दिवस गेला. पण आता वाद घालायची गरज उरत नाही. भिवंडीच्या ‘य’ला 1 वर बांधा आणि पुन्हा चालवा. खर्च 30,31,200 होतो. म्हणजे भिवंडीच्या आग्रहाची किंमत महिन्याला 4,16,000 रुपये, मुंबईच्या टनामागे 1,040. त्याच दिवशी माल पोहोचण्यामुळे एवढी जादा विक्री होते का, हे विक्रीवाल्यांनी सांगायचं. मॉडेलचा खरा उपयोग मला इथे दिसतो: प्रत्येक ‘हवंच’ला ते किमतीची चिठ्ठी लावतं.

क्षमतेचंही तसंच. वर चाकणला मर्यादाच नव्हती; त्याला मुंबईसह 1,050 टन झेपतील असं गृहीत होतं. ती मर्यादा 700 टन घातली की भिवंडी आपोआप आत येते, मुंबईचे 400 टन घेते आणि खर्च त्याच 4,16,000 ने वाढतो. वाळूज उघडून भागवायचं म्हटलं तर वाढ 5,02,100. म्हणून खरा प्रश्न असा होतो: चाकणला आणखी 350 टनांची सोय महिन्याला चार लाखांच्या आत होते का? शेजारचा गाळा भाड्याने मिळत असेल, तर बहुतेक वेळा होते.

भाड्याचे दर: मॉडेल फसतं ते इथे

वरच्या उदाहरणात मुद्दाम एक खोट ठेवली आहे. चाकण ते विदर्भ 700 किलोमीटर छोट्या गाडीच्या 8 रुपये दराने धरलं. असं कोणी करत नाही. तिकडच्या मोठ्या डीलरची ऑर्डर 9 टनांची असेल तर पूर्ण ट्रक थेट जातो आणि त्याचा दर समजा 4.5 रुपये पडतो. मग टनाचे 3,150 होतात. नागपूरमार्गे 2,580. फरक उरतो फक्त 570 रुपयांचा, 180 टनांवर 1,02,600, आणि नागपूरचं गोदाम 3,50,000 खातंय. सगळा विदर्भ असा थेट देता आला तर नागपूर बंद करून महिन्याला 2,47,400 वाचतात. एक दर बदलला आणि मघाशी ठामपणे उघडं राहिलेलं गोदाम बंद झालं.

प्रत्यक्षात काही डीलर पूर्ण ट्रक घेतात, काही घेत नाहीत. मग हिशेब करा. महिन्याला 8 ट्रक, म्हणजे 72 टन, थेट जाऊ शकत असतील आणि उरलेले 108 टन छोट्या गाडीनेच जाणार असतील, तर नागपूर ठेवल्याने 3,67,200 वाचतात. गोदाम 17,200 रुपयांनी पास. 9 ट्रक, म्हणजे 81 टन, थेट जाऊ लागले की बचत 3,45,150 वर येते; गोदाम 4,850 रुपयांनी नापास. अख्खा निर्णय एका ट्रकवर टांगलेला आहे. असं दिसलं की सॉल्व्हर बंद करायचा, विदर्भातल्या डीलरांच्या वर्षभराच्या ऑर्डरी काढायच्या आणि एका खेपेला किती टन उतरतात ते मोजायचं. दोन-तीन डीलर मिळून एक ट्रक भरतो का, तेही बघायचं. मग मधल्या थांब्याचे प्रत्येकी हजार-दीड हजार धरायचे, ट्रान्सपोर्टरला विचारून.

म्हणून दराचा तक्ता करताना ‘प्रति टन-किलोमीटर’ असा एक सरसकट आकडा कधीही वापरू नका. मार्गनिहाय आणि गाडीनिहाय खरे दर घ्या, मागच्या बारा महिन्यांच्या भाड्याच्या बिलांवरून. जातानाचा आणि येतानाचा दर वेगळा असतो; परतीचा माल मिळतो त्या दिशेला भाडं कमी. वजनाने भरणारा माल आणि आकाराने भरणारा माल वेगळा काढा. 2018 मध्ये वजनमर्यादा वाढल्यापासून तीन आसांच्या ट्रकचं सकल वजन 25 वरून 28.5 टनांपर्यंत गेलं, याचा फायदा पावडरला झाला. फरसाणाच्या पुड्यांना काहीही नाही, तो ट्रक चार-पाच टनांतच गच्च होतो. असा माल असेल तर टन सोडा, घनमीटर धरा.

अंतरंही शिळी होतात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता भिवंडीच्या उंबरठ्यापर्यंत आला. त्याआधी काढलेल्या तक्त्यातलं भिवंडी-नागपूर अंतर आणि वेळ दोन्ही आता निकामी. टोल मात्र दरात धरायला विसरू नका. नकाशाच्या खुल्या डेटावर चालणारी मोफत मार्गगणना आहे, हजारो जोड्यांची अंतरं काही मिनिटांत निघतात. घाईत सरळ अंतराला 1.3 ने गुणायची पद्धत आहे. देशावर ती चालून जाते, कोकणात नाही.

स्थिर खर्चात लोक फक्त भाडं धरतात. त्यात पहारा, वीज, विमा, कारकून, संगणक आणि सी अँड एफ एजंट (कंपनीच्या वतीने माल साठवून डीलरकडे पाठवणारा) असेल तर त्याची किमान हमी रक्कम येते. ही हमी विशेष बघा: महिन्याला अमुक टनांपर्यंत ठरलेले पैसे, त्यापुढे टनामागे कमिशन. म्हणजे हा खर्च पायऱ्यांचा आहे, सरळ रेषेचा नाही. मॉडेलमध्ये एकाच जागेचे ‘लहान’ आणि ‘मोठं’ असे दोन पर्याय घालून त्यांतला फार तर एकच निवडायची अट घातली की काम भागतं. हमालीही धरा. महाराष्ट्रात 1969 च्या कायद्याखाली माथाडी मंडळं आहेत. मजुरीवर लेव्ही बसते. वाराई, म्हणजे ट्रक भरण्या-उतरवण्याची मजुरी, कोण देणार, ट्रकवाला की तुम्ही, हे ठिकाणागणिक बदलतं. प्रत्येक जादा गोदाम म्हणजे मालाची एक जादा चढ-उतार, म्हणून ती टनामागच्या खर्चात हवी. वरच्या उदाहरणात ती धरलेली नाही. टनामागे 200 रुपये धरले तर भिवंडीचे 460 थेट 260 वर येतात.

सॉल्व्हरपुरतं

वरच्या उदाहरणात 4 ‘य’ आणि 24 ‘क्ष’ आहेत. एक्सेलमधला सॉल्व्हर अशा 200 चलांपर्यंत (अज्ञातांपर्यंत) चालतो, तेव्हा ते सहज बसतं. खरं मॉडेल त्यात बसत नाही. त्यासाठी एक्सेलमध्येच राहायचं असेल तर ऑकलंड विद्यापीठात तयार झालेला ओपनसॉल्व्हर मोफत आहे. पायथन येत असेल तर पल्प ही लायब्ररी आणि तिच्यासोबत सीबीसी किंवा एडिंबरा विद्यापीठाचा हाय्स (HiGHS) सॉल्व्हर. गुरोबी, सीप्लेक्स हे विकतचे सॉल्व्हर वेगवान आहेत, पण एका राज्याच्या जाळ्यासाठी त्यांची गरज पडू नये.

एक चूक जवळजवळ प्रत्येक पहिल्या मॉडेलमध्ये असते. ‘बंद गोदामातून माल नको’ ही अट जोडीजोडीने न लिहिता एकदाच लिहिली जाते: गोदामातून जाणारा एकूण माल ‘मोठा आकडा गुणिले य’पेक्षा कमी, आणि मोठा आकडा म्हणून 10,000 टन. दिसायला तेच, आणि ‘य’ 0 किंवा 1 असेल तर उत्तरही तेच. पण सॉल्व्हर आत काय करतो? आधी ‘य’ला अपूर्णांक व्हायची मोकळीक देऊन प्रश्न सोडवतो आणि त्यावरून खर्चाची तळमर्यादा, म्हणजे ज्याखाली खर्च जाऊच शकत नाही तो आकडा, ठरवतो. नागपूरहून 180 टन न्यायला त्याला ‘य’ फक्त 0.018 पुरतो, म्हणजे गोदाम 3,50,000 ऐवजी 6,300 रुपयांत उघडतं. तळमर्यादा इतकी खोटी निघते की तिच्या आधाराने काहीच छाटता येत नाही आणि सॉल्व्हर रात्रभर शक्यतांच्या फांद्या चाळत बसतो. प्रत्येक ‘क्ष’ ‘य’पेक्षा लहान, अशी वेगवेगळी अट लिहिली तर नागपूरला 1 पूर्ण द्यावाच लागतो. अटींची संख्या वाढते, वेळ तासांवरून सेकंदांवर येतो. मोठा आकडा लागलाच तर तो त्या गोदामाच्या खऱ्या क्षमतेइतकाच ठेवा.

त्याहून वाईट प्रकार गळतीचा. सॉल्व्हर ‘य’ला अगदी काटेकोर 0 मानत नाही, 0.00001 इतकी सूट अनेक ठिकाणी मुळातच असते. मोठा आकडा 1 कोटी ठेवला असेल तर 0.00001 गुणिले 1 कोटी, म्हणजे 100 टन, ‘बंद’ गोदामातून बिनभाड्याने निघून जातात. अहवालात गोदाम 0 दिसतं, प्रवाहाच्या तक्त्यात मात्र माल असतो. उत्तर आलं की बंद गोदामांच्या ओळींची बेरीज घ्या. शून्य नसेल तर मोठा आकडा लहान करा. त्याच कारणासाठी एकके नीट निवडा. टन आणि हजार रुपये बरे. किलो आणि कोटी एकाच समीकरणात नकोत.

मॉडेल ‘उत्तर शक्य नाही’ म्हणून परत आलं तर नेमकी कोणती अट आडवी आली हे कळत नाही. म्हणून सुरुवातीपासून एक काल्पनिक पुरवठादार ठेवा, ‘तुटवडा’ नावाचा, टनाला 50,000 रुपये दराचा. अशक्य मागणी त्याच्याकडे जाते आणि कुठल्या विभागात किती तुटलं ते दिसतं. बहुतेक वेळा विभागाचं नाव दोन तक्त्यांत दोन तऱ्हांनी लिहिलेलं निघतं. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर.

थांबायचं कधी? सॉल्व्हर सापडलेलं उत्तर आणि तळमर्यादा यांतली दरी टक्क्यांत सांगतो. भाड्याचे दरच 5 टक्क्यांनी इकडेतिकडे असताना दरी शून्य करण्यात अर्थ नाही, अर्धा-एक टक्का पुरे. अपवाद एकच: दोन पर्यायांची तुलना करताना दरी त्यांच्यातल्या फरकापेक्षा बरीच लहान हवी. नाहीतर ‘अ’पेक्षा ‘ब’ 40,000 ने स्वस्त असं म्हणाल आणि तो फरक नुसता सॉल्व्हरच्या आळसाचा असेल.

राज्याबाहेर आणि अनेक मालांसाठी

देशपातळीवर गेलात की डीलर एकेक करून घेऊ नका. देशात सुमारे 19 हजार पिनकोड आहेत, तेवढ्या तपशिलाने उत्तर बदलत नाही. पिनकोडचे पहिले तीन अंक किंवा जिल्हा हा विभाग धरा. एकूण 200 ते 600 विभाग पुष्कळ झाले. मोठ्या शहरांचे मात्र तुकडे करा, कारण तिथेच माल आहे. शेकडो वस्तू असतील तर त्यांचे गट करा. नावावरून नको, कुठे बनतो, किती जागा खातो, किती दिवस टिकतो यावरून. 4 कारखाने, 20 जागा, 600 विभाग, 10 गट घेतले आणि कारखाना-गोदाम आणि गोदाम-विभाग असे दोन टप्पे वेगळे ठेवले तर प्रवाहाचे चल 1,20,800 होतात. एकच चल कारखान्यापासून विभागापर्यंत अख्खा मार्ग सांगेल अशी मांडणी केली तर 4,80,000. दुसरी जड आहे, पण अमुक डीलरला अमुक कारखान्याचाच माल हवा असल्या अटी तिच्यातच लिहिता येतात. सेवेची अट, समजा 400 किलोमीटरच्या आत, ही अट म्हणून लिहूच नका. त्याहून लांबच्या जोड्या तक्त्यातून काढून टाका. मॉडेल अर्ध्याहून लहान होतं.

जिऑफ्रिअन आणि ग्रेव्हज यांनी 1974 मध्ये हंट-वेसन या अमेरिकी खाद्यकंपनीसाठी हे काम प्रसिद्ध केलं तेव्हा 14 कारखाने, 45 जागा, 121 विभाग आणि 17 मालगट होते. ते सोडवण्यासाठी त्यांना प्रश्नाचे तुकडे पाडण्याची बेंडर्सची पद्धत वापरावी लागली. आज तेवढा प्रश्न साध्या लॅपटॉपवर सुटतो. दरांचा तक्ता गोळा करायला मात्र अजूनही तितकेच आठवडे लागतात.

आपल्याकडे 1 जुलै 2017 आधी हे गणित करण्यात फारसा अर्थच नव्हता. परराज्यात विक्री केली की 2 टक्के केंद्रीय विक्रीकर आणि त्याची वजावट नाही. आपल्याच डेपोला माल पाठवला तर एफ फॉर्मवर, म्हणजे ही विक्री नाही अशा दाखल्यावर, करमुक्त. म्हणून प्रत्येक राज्यात एक डेपो, अंतर काही का असेना. जीएसटीनंतर कोल्हापूरच्या गोदामातून गोव्याला आणि सुमारे 110 किलोमीटरवरच्या बेळगावला थेट माल देण्यात करामुळे तोटा राहिला नाही. पण परराज्यातल्या आपल्याच गोदामाला माल पाठवतानाही आता जीएसटी भरावा लागतो. तो वजावटीत परत मिळतो, माल विकला जाईपर्यंत पैसा मात्र अडकतो. त्या अडकलेल्या रकमेचं व्याज परराज्यातल्या जोडीच्या दरात मिळवा. जुन्या सवयीने ‘प्रत्येक राज्यात किमान एक’ ही अट मॉडेलमध्ये अजूनही घातलेली दिसते. ती काढून एकदा चालवून बघाच.

साठ्याचा खर्च सरळ रेषेत बसत नाही. गोदामांची मागणी एकमेकांपासून स्वतंत्र आणि साधारण सारखी असेल तर सुरक्षा साठा (अचानक वाढणाऱ्या मागणीसाठी राखलेला माल) गोदामांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. चार गोदामांत प्रत्येकी 60 टन, एकूण 240. दोन गोदामं केली की सुमारे 170. टनाची किंमत 80,000 आणि व्याज वर्षाला 12 टक्के धरलं तर टनामागे महिन्याला 800, म्हणजे 70 टनांचे 56,000 रुपये. वरच्या 6,31,500 समोर हे किरकोळ आहे, म्हणून साबण-पावडरसाठी हा हिशेब मॉडेलबाहेर, उत्तर आल्यावर करा. औषधं किंवा इलेक्ट्रॉनिक्स असेल तर तोच आकडा सगळं उलटवतो. तिथे वर्गमुळाचा वक्र तीन-चार सरळ तुकड्यांत मोडून मॉडेलमध्ये घालावा लागतो. आणि दिवाळीत सगळ्या गोदामांची मागणी एकदम चढते, तेव्हा ‘स्वतंत्र’ हे गृहीतक कोसळतं. खर्चासाठी वर्षाची सरासरी चालेल, क्षमतेसाठी नवरात्र ते दिवाळीचे आठवडेच घ्या.

उत्तर मांडण्याआधी

पहिली फेरी नेहमी आजच्या जाळ्याची. ‘य’ आज आहेत तसे बांधा, कोण कुठून माल घेतो तेही बांधा आणि आलेला खर्च खातेवहीशी ताडून बघा. 3-4 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका, दरात काहीतरी राहिलंय. दुसऱ्या फेरीत गोदामं तीच, वाटप मोकळं. या फेरीत निघणारी बचत एकही गोदाम बंद न करता मिळते. ती पुनर्रचनेच्या खात्यात दाखवणं ही सल्लागारांची आवडती हातचलाखी आहे. तिसऱ्या फेरीत सगळं मोकळं.

मग आलेल्या निवडीवर बंदी घाला, म्हणजे ‘हे नेमकं संयोजन सोडून’ अशी अट, आणि पुन्हा चालवा. आपल्या पहिल्या उदाहरणात दुसरं उत्तर एकटं चाकण, 28,08,800. तिसरं चाकण, नागपूर, वाळूज, 28,30,700. दुसऱ्या-तिसऱ्यात जेमतेम 22,000 चा फरक, म्हणजे त्यांतली निवड गणिताने करूच नये. पहिलं मात्र दुसऱ्याहून 6.9 टक्क्यांनी स्वस्त आहे आणि विदर्भाची मागणी 180 वरून 116 टनांपर्यंत घसरली तरी टिकतं. घसरण नव्हे, थेट ट्रकच त्याला पाडतो. तुमच्या बाबतीत म्हणूनच आधी विदर्भाच्या ऑर्डरी काढा, मग नागपूरचं बोला. वाळूजचा निकाल त्यावर अवलंबून नाही.

बंद करण्याचा क्रम भाडेकरारांवरून लावा. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, संपायला 14 महिने उरलेल्या गोदामाचं भाडं तोवर शून्यच धरायचं, कारण बंद केलं तरी ते जाणारच. बंद केल्यावर ती जागा जीएसटी नोंदणीतून 15 दिवसांच्या आत वगळण्याचा अर्ज करायचा असतो. खाद्यपदार्थ किंवा औषधं असतील तर परवाना जागेगणिक असतो. नव्या जागेचा परवाना हातात येईपर्यंत जुन्या गोदामाची किल्ली परत देऊ नका.